रॅम निम्मी रिकामी, तरी ‘टीसीपी आउट ऑफ मेमरी’: दर दहा दिवसांनी बसणारा सर्व्हर

जानेवारी ते एप्रिल, द्राक्षांचा हंगाम, म्हणजे आमच्या झोपेचं खोबरं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान मोजणारे ११४० लॉगर बसवलेले आहेत. प्रत्येकात एक सिमकार्ड. दर मिनिटाला एक नोंद एका लिनक्स सर्व्हरवर येऊन पडते आणि तो सर्व्हर आम्ही नाशिकच्या सातपूरहून सांभाळतो. निर्यातीचा माल प्रीकूलिंगमध्ये असताना तापमानाचा आलेख तुटला की पुढच्या पाच मिनिटांत फोन येतो: “साहेब, टेंपरेचर दिसेना परत.”

त्या ‘परत’नेच जीव काढला होता. दर नऊ-दहा दिवसांनी हेच. सर्व्हिस रीस्टार्ट केली की सगळं सुरळीत, आणि मग पुन्हा नऊ-दहा दिवस शांतता.

हे लिहितोय कारण हा दोष फसवा आहे. जिथे बघावं तिथे सगळं ठीक दिसतं. कमांडी आणि फाइलींची नावं खाली देवनागरीतच लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

काय दिसत होतं

सर्व्हर पिंगला उत्तर देतो. लोड एकच्याही खाली. ‘फ्री’ कमांड सांगते १६ जीबीपैकी ९ जीबी मोकळी. डिस्क निम्मी रिकामी. पण एसएसएचने (दुरून सर्व्हरवर काम करायची सोय) आत शिरायलाच अर्धा मिनिट लागतो, शिरल्यावर एक-एक अक्षर सावकाश उमटतं, आणि लॉगरच्या नव्या जोडण्या कधी लागतात, कधी नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी कमांड) एकच ओळ, अधूनमधून: ‘टीसीपी: आउट ऑफ मेमरी, कन्सिडर ट्यूनिंग टीसीपी-मेम’.

आमच्याकडे नवा लागलेला पोरगा म्हणाला, “सर, मेमरी संपली कुठे? निम्मी रॅम तर पडूनच आहे.” त्याचं चुकत नव्हतं. ‘आउट ऑफ मेमरी’ म्हटलं की डोक्यात ओओएम किलर येतो, म्हणजे रॅम संपल्यावर एखादा प्रोसेस मारून जागा करणारा. त्याचा इथे संबंध नाही. कर्नल टीसीपीसाठी, म्हणजे माल खात्रीने पोचवणाऱ्या नेटवर्क जोडण्यांसाठी, वेगळी वही ठेवतो. सगळ्या सॉकेटांच्या (जोडणीचं आपल्याकडचं टोक) बफरांत (माल तात्पुरता ठेवायची जागा) मिळून किती पेज (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) अडकले, एवढंच त्या वहीत लिहिलेलं असतं, आणि त्या बेरजेला वरची मर्यादा असते. मशीनमध्ये रॅम कितीही असो, ही मर्यादा गाठली की टीसीपीपुरती मेमरी संपली.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. ही ओळ डीमेसेजमध्ये नेहमी उमटतेच असं नाही. मर्यादा ओलांडलेली असताना, पाठवायचा माल बाकी असलेलं एखादं सॉकेट बंद होत असेल किंवा त्याची पुन्हा पाठवण्याची मुदत उलटत असेल, तेव्हाच कर्नल ही तपासणी करतो. नुसता घ्यायचाच माल तुंबला असेल तर तो बराच वेळ मुकाट बसतो. त्यामुळे डीमेसेज स्वच्छ दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका.

तीन आकडे आणि दुतोंड्या मारुती

मर्यादा ठरते टीसीपी-मेम या सेटिंगने, आणि त्यात तीन आकडे असतात. नाशिककराला ते समजवायला गोदाकाठी नेलं की पुरे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्युसेकचा आकडा कोण विचारतो? पूर मोजायचा तो गोदापात्रातल्या मारुतीच्या मूर्तीवरून, म्हणून प्रश्न एकच, “दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?” गुडघ्याखाली असेल तर कोणी ढुंकून बघत नाही. कमरेला लागलं की काठावरचे दुकानदार माल आवरायला घेतात. गळ्याशी आलं की रस्ते बंद.

टीसीपी-मेमचा पहिला आकडा गुडघा, दुसरा कंबर, तिसरा गळा. बेरीज पहिल्याच्या आत असेपर्यंत कर्नल कोणाला काही विचारत नाही, मागेल त्याला देतो. दुसरा ओलांडला की ‘मेमरी प्रेशर’ सुरू होतं. प्रत्येक सॉकेटची रिसीव्ह विंडो (समोरच्याने एका दमात किती पाठवावं ती मर्यादा) आखडती घेतली जाते. किमान बफर सगळ्यांना मिळतो, पण त्यापुढे मागणाऱ्याकडे आधीच वाट्यापेक्षा जास्त आहे का ते बघितलं जातं, आणि वाटा म्हणजे साधारण तिसरा आकडा भागिले एकूण सॉकेट. तिसरा ओलांडला की नवी मागणी नाकारली जाते, आलेली पॅकेटं टाकून दिली जातात.

आणि पूर ओसरताना जसं होतं तसंच इथे. पाणी कमरेवरून मांडीपर्यंत उतरलं म्हणून लगेच कोणी दुकान मांडत नाही. प्रेशर सुरू होतं दुसऱ्या आकड्याला, पण उठतं बेरीज पहिल्याच्या खाली गेल्यावर. म्हणून थोडीफार सॉकेटं मोकळी करूनही सर्व्हर सुस्तच राहतो आणि आपल्याला वाटतं की उपाय चुकला.

ही वही सगळ्या मशीनची मिळून एकच असते. लॉगरची सर्व्हिस, पोस्टग्रेस हा डेटाबेस, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, एसएसएच सगळे त्याच पाण्यात उभे. एसएसएच का रांगत होतं याचं उत्तर इथे होतं.

आकडा पेजमध्ये असतो, बाइटमध्ये नाही

हे ठळक लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. टीसीपी-मेम पेजमध्ये मोजतात. टीसीपी-आरमेम आणि टीसीपी-डब्ल्यूमेम, जे एका सॉकेटचे बफर ठरवतात, ते बाइटमध्ये. नावं सख्ख्या भावांची, एकक वेगळं. पेज किती मोठं ते ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ सांगतं. नेहमीच्या इंटेल-एएमडी सर्व्हरवर ४०९६ बाइट, काही एआरएम सर्व्हरांवर ६४ केबी.

नेटवर फिरणाऱ्या ‘हाय परफॉर्मन्स’ याद्यांमध्ये टीसीपी-मेमला तीनही जागी १६७७७२१६ दिलेलं सापडतं. लिहिणाऱ्याच्या मनात १६ एमबी होते. पेजच्या हिशोबात ते ६४ जीबी होतात. १६ जीबीच्या मशीनवर ६४ जीबीची मर्यादा म्हणजे मारुतीचा गळा काळाराम मंदिराच्या कळसावर नेऊन ठेवल्यासारखं. मीसुद्धा रात्री दोनला ती ओळ चिकटवणारच होतो. गुणाकार केला म्हणून वाचलो. अशाच याद्यांत अजून टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल असतं, जे सेटिंग २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मधून काढूनच टाकलं. तेवढ्यावरून यादी किती शिळी आहे ते ओळखा.

आमचे आकडे काय निघाले? साधारण ४५ हजार, ६० हजार, ९० हजार. तिसऱ्याचे झाले सुमारे ३५० एमबी. १६ जीबीच्या मशीनला हे फारच कमी. कर्नल बूट होताना हे आकडे स्वतः काढतो. बफरला वापरता येण्याजोग्या मेमरीच्या ४.६८ टक्के, ६.२५ टक्के आणि ९.३७ टक्के. म्हणजे १६ जीबीला तिसरा आकडा पावणेचार लाखांच्या आसपास हवा होता, १.४ जीबी.

उत्तर जुन्या बिलात सापडलं. मशीन मुळात ४ जीबीची होती. गेल्या जुलैत आम्ही पॅनेलवरून रॅम १६ केली, चालू मशीनलाच, रीबूट न करता, आणि ‘एक मिनिटही बंद न ठेवता काम झालं’ म्हणून शेठकडून शाबासकीही घेतली. टीसीपी-मेमचा हिशोब फक्त बूटच्या वेळी होतो. नंतर रॅम वाढली तरी कर्नल तो परत मांडत नाही. शाबासकी अंगाशी आली.

पहिला उपाय, आणि तो का पुरला नाही

सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंगं बदलणारी कमांड) १६ जीबीला साजेसे आकडे दिले: १८७५००, २५००००, ३७५०००. ईटीसीमधल्या सिसकंट्रोल-डी फोल्डरात स्वतंत्र फाइल करून तेच लिहिले, म्हणजे रीबूटनंतरही टिकतील. हे करताना आधी सगळ्या फाइलींत टीसीपी-मेम शोधून बघा. तीच ओळ दोन ठिकाणी असली तर नंतर वाचलेली जिंकते आणि तुम्ही भलतीच फाइल बदलत बसता.

सर्व्हर त्या क्षणी हलका झाला. दहा दिवस गेले, वीस गेले. पस्तीस दिवस गेल्यावर मी निवांत झालो, आणि एकेचाळिसाव्या दिवशी पिंपळगावहून फोन.

चौपट मर्यादा, चौपट दिवस. हे गणित दिसलं आणि मग कुठे डोकं ठिकाणावर आलं. मर्यादा कमी होती हे खरंच, पण पाणी वरून येत होतं आणि मी नुसता मारुती उंच करत होतो.

पाणी कोणाचं ते शोधणं

इथून पुढचं काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. प्रॉकच्या नेट फोल्डरात सॉकस्टॅट नावाची फाइल आहे. आधीच्या एका बिघाडाच्या वेळी मी तिची नक्कल करून ठेवली होती, पण तेव्हा फक्त शेवटचा आकडा बघितला होता:

टीसीपी: इनयूज १३३१० ऑर्फन १२ टीडब्ल्यू ३४० ॲलोक १३३४२ मेम ८९६१०

मेम हा आकडा पेजमध्ये, तोच टीसीपी-मेमशी ताडायचा. ९० हजारांच्या गळ्याशी ८९६१०. पण खरी गोम पहिल्या आकड्यात. लॉगर ११४०, आणि सॉकेट तेरा हजारांवर! हा आकडा डोळ्यांसमोर असताना मी तीन महिने मेमच बघत बसलो होतो.

कंटेनर वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: इनयूज त्या-त्या नेटवर्क नेमस्पेसपुरता असतो, मेम मात्र सगळ्या मशीनचा. कंटेनरच्या आत बसून हे दोन आकडे एकमेकांशी ताडू नका. आणि कर्नल ६.० पासून प्रत्येक सीपीयू स्वतःजवळ साधारण एक एमबीपर्यंतचा हिशोब राखून ठेवतो, त्यामुळे मेममध्ये तेवढी वरखाली दिसणारच.

त्याच बिघाडाच्या वेळी ‘एसएस’ (सॉकेटांची यादी देणारी कमांड) टी-एन-एम पर्यायांसह चालवून तिचीही नक्कल ठेवली होती, ती आता नीट वाचली. सहा हजारांच्या आसपास जोडण्या ‘क्लोज-वेट’मध्ये, आणि जवळपास तेवढ्याच ‘एस्टॅब्लिश्ड’ दाखवणाऱ्या पण ज्यांच्यावर काही हालचालच नाही अशा. या दुसऱ्यांच्या रांगा रिकाम्या. क्लोज-वेटवाल्यांच्या रिसीव्ह रांगेत मात्र प्रत्येकी तीनेक हजार बाइट पडून.

सहा हजार गुणिले तीन हजार म्हणजे १८ एमबी. मग ३५० एमबी कुठून आले? याचं उत्तर त्याच ओळीतल्या एसके-मेमच्या कंसात आहे. तिथला ‘आर’ हा आकडा प्रत्येकी ५८ हजारांच्या जवळ होता. रिसीव्ह रांग फक्त आतला माल मोजते. वही मात्र पॅकेटचं खोकं, पुठ्ठा, गवत सगळं धरून मोजते. द्राक्षाच्या पेटीत माल किती आणि गाडीत पेटीने जागा किती अडवली, तसा हा फरक. आमची एक नोंद ७० बाइटची. त्यामागे कर्नलचा पॅकेट-वर्णनाचा ढाचा आणि ड्रायव्हरने आधीच राखलेला बफर, मिळून आमच्याकडे १२८० बाइट पडत होते. कर्नल अशी छोटी पॅकेटं दाबून एकत्र करायचा प्रयत्न करतो, पण तो जागा खरोखर आखडल्यावर. बारीक-बारीक नोंदी पाठवणाऱ्या उपकरणांचं काम असेल तर रिसीव्ह रांगेवर विसंबू नका, एसके-मेमच बघा.

क्लोज-वेटचा अर्थ स्पष्ट आहे: समोरच्याने जोडणी तोडली, कर्नलने ते मान्य केलं, आणि आता आपल्या प्रोग्रामने सॉकेट बंद करायची वाट बघतोय. ती वाट तो अनंतकाळ बघतो. इथे कीपअलाइव्हचा (समोरचा जिवंत आहे का ते अधूनमधून विचारणं) उपयोग नाही, टाइम-वेटच्या (बंद झाल्यावर थोडा वेळ रेंगाळणारी जोडणी) सेटिंगांचा तर नाहीच. टाइम-वेटवाली सॉकेटं आकाराने लहान असतात आणि बफर धरून बसत नाहीत, तरी दर वेळी पहिला संशय त्यांच्यावरच घेतला जातो.

मग प्रोग्राम उघडला. पायथनचा, दर जोडणीला एक हलका टास्क, थेट सॉकेटवरून वाचून पोस्टग्रेसमध्ये नोंद घालणारा. साखळी अशी निघाली. निफाडकडच्या फीडरवर लाइट जाते. लॉगर बंद पडतो. त्याची जुनी जोडणी इकडे तशीच उघडी राहते, कारण निरोप घ्यायला तो शुद्धीवरच नव्हता. या त्या रिकाम्या रांगांच्या ‘एस्टॅब्लिश्ड’ जोडण्या. लाइट आली की लॉगर उठतो, पण घड्याळ १ जानेवारी १९७० वर. मोबाइल नेटवर्कवरून खरी वेळ मिळायच्या आत पहिली नोंद निघून जाते. त्या वेळेची नोंद त्या लॉगरची आधीच टेबलात असते. पोस्टग्रेस ‘डुप्लिकेट की’ म्हणून नाकारतो, टास्क तिथेच मरतो. सॉकेट मात्र एका डिक्शनरीत अडकलेलं, आणि तिची किल्ली लॉगरचा नंबर नव्हे तर जोडणीचा अनुक्रमांक, म्हणून लॉगर परत आला तरी जुनं सॉकेट कधीच गळत नाही. लॉगर बिचारा पाऊण तास दर मिनिटाला नोंद पाठवत राहतो, पोच येत नाही, कंटाळून जोडणी तोडतो, नवी उघडतो. मागे उरतात ४५ नोंदी, ५८ हजार बाइट, एक क्लोज-वेट.

लाइट दिवसातून दोनदा-तीनदा जाते, म्हणून दिवसाला सहाशेच्या आसपास. दहा दिवसांत सहा हजार. आमचा दोष दर दहा दिवसांनी का येतो याचं उत्तर अखेर वीजवितरणाच्या वेळापत्रकात मिळालं.

आणि एक कबुली. उघड्या फाइलींची मर्यादा मीच आधी ६५,५३६ करून ठेवली होती, ‘हंगामात त्रास नको’ म्हणून. मूळ १०२४ तर ११४० लॉगरना पुरलीच नसती, पण दोन हजारांवर थांबलो असतो तर पहिल्या दिवसाच्या आतच ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणून बोंब झाली असती आणि गळती तिथेच सापडली असती.

काय बदललं

कोडमध्ये तीन ठिकाणी हात लावला. टास्क कसाही संपो, सॉकेट ‘फायनली’मध्ये बंद होतं. पाच मिनिटं काही वाचायला मिळालं नाही तर जोडणी तोडायची, कारण दर मिनिटाला बोलणारा लॉगर पाच मिनिटं गप्प म्हणजे तो गेलाच. आणि १९७० ची नोंद टेबलाकडे न नेता बाजूला टाकायची.

ऐकणाऱ्या सॉकेटवर रिसीव्ह बफर १६ केबी मागितला. कर्नल मागितल्याच्या दुप्पट देतो, वरच्या खर्चासाठी, म्हणून हातात ३२ केबी पडतात, आणि स्वीकारलेल्या जोडण्यांना तेच वारशाने मिळतं. असं केलं की त्या सॉकेटांपुरतं बफर आपोआप वाढणं थांबतं. मोठ्या फाइली चढवणाऱ्या सर्व्हिसला हे करू नका, वेग मरेल. सत्तर बाइट बोलणाऱ्याला ३२ केबी म्हणजे चैन आहे.

लॉगरची सर्व्हिस सिस्टमडीत (सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) मेमरी-मॅक्स लावून बंदिस्त केली. सीग्रुपच्या (प्रोसेसांचे गट करून त्यांचा हिशोब ठेवणारी कर्नलची सोय) दुसऱ्या आवृत्तीत सॉकेटांची मेमरीही त्या सर्व्हिसच्या खात्यावर पडते, आणि मेमरी-स्टॅट फाइलीत ‘सॉक’ नावाने वेगळी दिसते. हे मला आधी माहीत असतं तर पाणी कोणाचं हा प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता. टीसीपी-मेमचे १६ जीबीला साजेसे आकडे मात्र तसेच ठेवले, ते बरोबरच होते.

सूचना लावली ती मेमच्या आकड्यावर नव्हे. एनस्टॅटमध्ये (कर्नलचे नेटवर्कचे आकडे दाखवणारी कमांड) ‘टीसीपी-मेमरी-प्रेशर्स’ हा मोजणारा आहे, कितीदा कमरेला पाणी लागलं ते सांगतो, आणि ‘प्रेशर्स-क्रोनो’ किती मिलिसेकंद लागलेलं होतं ते. शून्यावरून हलला की मला मेसेज येतो. पूर्वीचे आलेख काढून बघितले तर प्रत्येक बिघाडाच्या तीन दिवस आधी पॅकहाऊसहून मालाचे फोटो चढायला वेळ लागत होता, तीच प्रेशरची खूण होती. आम्ही तेव्हा मोबाइल कंपनीला शिव्या घालत होतो. जोडीला दुसरी सूचना: क्लोज-वेटची संख्या ५० च्या वर गेली की.

यूडीपीवर काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी. यूडीपी-मेममध्येही तीन आकडे आहेत आणि तेही पेजमध्येच, पण मधला नुसता टीसीपीसारखा ढाचा राखायला आहे. तिथे आखडतं घेणं वगैरे नाही, जागा नसली की पॅकेट सरळ टाकलं जातं. एनस्टॅटमधले यूडीपीचे ‘आरसीव्हीबफ-एरर्स’ आणि नव्या कर्नलात ‘मेम-एरर्स’ बघा. पहिला वाढत असेल तर एका सॉकेटचा बफर कमी पडतोय, दुसरा वाढत असेल तर सगळ्यांची मिळून मर्यादा.

रात्री तीनला सर्व्हिस रीस्टार्ट करणारा क्रॉन, जो मधल्या काळात लाजत लाजत लावला होता, तो काढून टाकलाय. आज सकाळी सॉकस्टॅट बघितला: इनयूज १२०६, मेम ३१०. त्यातले साठ-सत्तर पोस्टग्रेस आणि एन्जिनएक्सचे धरले तर लॉगरच्या जोडण्या बरोबर ११४० च्या घरात येतात. घड्याळ १९७० वर जाण्याचं लॉगर बनवणाऱ्यांना कळवलंय. ते म्हणतात, बॅटरीची जागा बोर्डवर आहे, बॅटरी बसवायची राहिली.